जुना गेम ‘सीलपॅक’ म्हणून घेताय? आधी पाठीचा फोटो मागा

आमच्या पिढीनं कोल्हापुरात निन्टेन्डो, म्हणजे टीव्हीला जोडायचा जपानी व्हिडिओ गेम, बघितला तो लिटल मास्टर, मीडिया असल्या नावांच्या क्लोनवर, म्हणजे नकली मशीनवर. ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट, त्यात तेच चार गेम फिरून फिरून, आणि ओरिजिनल बॉक्स, आतला ट्रे, मॅन्युअल असलं काही असतं हे कुणाच्या गावी पण नव्हतं. त्यामुळं आता चाळिशीत चार पैसे हातात आल्यावर मंगळवार पेठेपासून राजारामपुरीपर्यंत बरीच मंडळी ते बॉक्सवाले गेम बाहेरून मागवायलेत, आणि लिस्टिंगमध्ये ‘फॅक्टरी सील’ दिसलं की हात आपोआप पेमेंटकडं जातो. माझा पण गेला. सुपर निन्टेन्डोच्या एका गेमचा सीलबंद बॉक्स १८ हजाराला घेतला, प्लास्टिक एकदम काचेसारखं, आणि तो घरात आल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं की वापरलेला गेम परत श्रिंक करून, म्हणजे गरम केल्यावर आवळणारं प्लास्टिक चढवून, विकलाय. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, कुणाचे तरी पैसे वाचले तर वाचतील.

एवढी फसवणूक का वाढली ते आधी समजून घ्या. जुलै २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ या गेमची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, त्याच लिलावात झेल्डा या गेमची एक प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला. तोच गेम उघडलेला असेल तर त्याच्या कितीतरी पट कमी भावात मिळतो. म्हणजे सगळा भाव त्या वरच्या पातळ प्लास्टिकचा आहे, आणि ते प्लास्टिक तर आपल्या लक्ष्मीपुरीत पण रोलवर मिळतं.

हे नुसतं बोलत नाही, करून बघितलंय. माझ्या एका मित्राचं मिठाईचे बॉक्स आणि गिफ्ट हॅम्पर पॅक करून द्यायचं काम आहे, त्याच्याकडं एल सीलर, म्हणजे प्लास्टिकच्या कडा गरम दांड्यानं चिकटवायचं मशीन, आणि गरम हवेची हीट गन दोन्ही आहे. त्याला म्हटलं भावा, हा एक जुना रिकामा गेमचा डबा जरा पॅक करून दाखव. त्यानं मधे दुमडलेली फिल्म घेतली, डबा आत सरकवला, सीलरचा दांडा दोनदा दाबला, टाचणीनं दोन भोकं पाडली कारण गरम केल्यावर आतली हवा जायला वाट लागते, आणि हीट गन फिरवली. पाच मिनिटं पण लागली नाहीत. डबा चकाचक. पण हातात घेऊन फिरवला तेव्हा दिसलं की दुमडलेली बाजू सोडली तर उरलेल्या तीन कडांवरनं एक बारीक शिवण चाललीय आणि पाठ मात्र एकदम कोरी आहे, एक पण जोड नाही. मी घरी येऊन माझा १८ हजारचा बॉक्स काढला. सेम टू सेम.

तर पहिली गोष्ट जोड. निन्टेन्डोनं अमेरिकेसाठी पॅक केलेले जुने एनईएस, सुपर निन्टेन्डो, एन ६४ या त्यांच्या मशीनच्या गेमचे पुठ्ठ्याचे बॉक्स घेतले तर त्यांच्या पाठीवर मधोमध प्लास्टिकचा एक जोड जातो आणि दोन्ही टोकांना त्याला आडवे दोन जोड, सगळं मिळून इंग्रजी एच अक्षर दिसतं, म्हणून त्याला एच सीम म्हणतात. एनईएसच्या काळात बाहेरच्या कंपन्यांचे बहुतेक गेम पण निन्टेन्डोच बनवून द्यायची, त्यामुळं त्यांच्यावर पण बहुतेक वेळा हाच जोड असतो. पण १९८५ मधल्या अगदी पहिल्या प्रती श्रिंकमध्ये नव्हत्याच, झाकणावर नुसतं एक छोटं गोल स्टिकर असायचं, तेव्हा असली प्रत कुणी प्लास्टिकमध्ये दाखवायला लागला तर लगेच प्रश्न विचारा. सीडी-डीव्हीडीचे गेम वेगळे. प्लेस्टेशनच्या डब्याला वर-खाली जी घडी असते ती वाय आकाराची. आपल्या जुन्या ऑडिओ कॅसेटचं सेलोफेन आठवा, नायतर सिगारेटच्या पाकिटाचं डोकं बघा, दोन्ही बाजूनं त्रिकोण मुडपून मधे चिकटवलेलं, तेच. मशीनवरच्या घड्या दोन्ही टोकांना सारख्या आणि सरळ असतात. हातानं इस्त्री लावून केलेल्या घडीत एक त्रिकोण लहान एक मोठा होतो आणि कुठं तरी प्लास्टिक वितळून सुरकुतलेलं असतं. युरोपातून येणाऱ्या निन्टेन्डोच्या बऱ्याच गेमवर फाडायची लाल पट्टी असते, ती नसली तर का नाही ते विचारा.

आता एक महत्त्वाचं. एच सीम दिसला म्हणजे माल ओरिजिनल असं धरू नका, कारण आता तसा जोड मारणारे पण आहेत. आणि उलट, कडांवर शिवण आहे म्हणून प्रत्येक गेम खोटा असं पण नाही, काही दुसऱ्या कंपन्यांनी, विशेषतः कॉम्प्युटर गेमवाल्यांनी, तसंच पॅकिंग केलेलं आहे. भोकांचं पण तसंच, नुसती भोकं दिसली म्हणून निकाल लावायचा नाही. तुम्हाला जो गेम घ्यायचाय त्याच गेमच्या, त्याच कंपनीच्या, त्याच देशाच्या जुन्या सीलबंद प्रतीचे फोटो लिलावाच्या साइटवर शोधा आणि शेजारी ठेवून बघा. हे काम कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय खरं कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्लास्टिकच्या खाली काय दिसतंय. माझा डोळा तर आता आधी इथंच जातो. तीस वर्षं सील असलेल्या डब्याचं झाकण कधी उघडलेलंच नसतं, मग झाकणाच्या घडीवर पुठ्ठा मोडल्याची पांढरी रेघ कुठनं आली? कोपरा चेपलाय, रंग उडालाय आणि त्याच्यावरचं प्लास्टिक मात्र गुळगुळीत, हे कसं होईल? कोपरा आपटला तर प्लास्टिकला पण काहीतरी लागणारच. दुकानाच्या किमतीचं स्टिकर किंवा त्याचा गोंद प्लास्टिकच्या वर असेल तर ठीक, आत असेल तर डबा आधी उघडा होता. आणि जुनं श्रिंक सहसा काचेसारखं राहत नाही, शेल्फवर सरकून सरकून त्याच्यावर केसासारखे ओरखडे येतात, ते ताठ होतं, कधी कधी वर्षानुवर्षं ओढून ओढून डब्यालाच बाक आणतं. माझ्या डब्यावर एक ओरखडा नव्हता आणि त्याच गोष्टीवर मी खूश झालो होतो.

माझ्या डब्यातला गेम तरी ओरिजिनल होता, काही वेळा डबाच नवा छापलेला असतो. इथं गुजरीतला सोनार डोळ्याला लावतो ती भिंग कामाची. जुनी छपाई ऑफसेटची, भिंगातनं बघितलं तर रंगाचे ठिपके शिस्तीत, फुलासारख्या रचनेत बसलेले दिसतात, घरच्या इंकजेट प्रिंटरचे ठिपके मात्र फवारल्यासारखे विस्कटलेले. बारीक अक्षरांच्या कडा पण बघा, स्कॅन करून छापलेल्या असतील तर फुगीर दिसतात. आणि डब्यावरच्या खुणांच्या तारखा जुळवा. वयोगट सांगणारी ईएसआरबीची खूण अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली, मग १९९२ ची पहिली छपाई म्हणून विकायला काढलेल्या डब्यावर ती असेल तर विक्रेत्याची गोष्ट तिथंच संपली.

पैसे पाठवायच्या आधी विक्रेत्याला पाठीचा, दोन्ही टोकांचा आणि चारी कोपऱ्यांचा फोटो मागा, उजेडात, थोडा तिरका धरून, म्हणजे जोड उठून दिसतो. शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. खरा माणूस दोन मिनिटात फोटो पाठवतो. ‘भाऊ सील आहे, टेन्शन नको’ एवढंच उत्तर आलं तर तिथंच सोडा. शब्द पण नीट वाचा, नुसतं ‘सील्ड’ म्हणजे कुणी पण सील केलेलं, ‘फॅक्टरी सील्ड’ म्हणजे कंपनीनं, यात फरक आहे आणि बरेच जण मुद्दाम पहिलाच लिहितात. एकाच विक्रेत्याकडं एकाच दुर्मीळ गेमच्या पाच-सहा चकाचक प्रती असतील तर त्यांच्या पाठी एकमेकांशी ताडून बघा. ग्रेडिंग केलेला डबा असेल, म्हणजे वाटा किंवा व्हीजीएसारख्या कंपनीनं तपासून गुण देऊन कडक प्लास्टिकच्या खोक्यात बंद केलेला, तर खोक्यावरचा नंबर त्या कंपनीकडं तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका, खोकी पण खोटी निघतात.

पार्सल आलं की कुरिअरच्या लेबलपासून व्हिडिओ सुरू करा, मधे थांबवू नका, आणि गेमचं सील मात्र फोडू नका, आधी सहा बाजू कॅमेऱ्यासमोर फिरवा. शंका आली तर रिटर्नची मुदत बघून त्याच दिवशी लेखी तक्रार टाका. माझं नेमकं इथंच चुकलं, मुदत संपून गेली होती. साइट दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि साइटच्या बाहेर यूपीआयनं पैसे घेऊन माणूस गायब झाला असेल तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा, तिथं जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडकवायची शक्यता जास्त.

माझा डबा शेवटी मीच फोडला. मॅन्युअलच्या मागं नोट्ससाठी जी कोरी पानं असतात त्यातल्या पहिल्या पानावर पेन्सिलनं, लहान मुलाच्या वाकड्या अक्षरात, गेम सोडला तिथनं पुढं खेळायचे चार पासवर्ड लिहिलेले होते. एक खोडून परत लिहिला होता.