गावातलं घर बांधताना बिम आणि व्हॅल्यू इंजिनिअरिंग कसं वापरायचं

तालुक्याला घरं बांधणाऱ्या इंजिनिअर-ठेकेदार भावांसाठी लिहितोय. बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर माहितीसकट बांधलेलं घराचं 3डी मॉडेल) म्हटलं की वाटतं हे नागपूर मेट्रोसारख्या मोठ्या कामाचं (तिथं 5डी बिम, म्हणजे मॉडेललाच वेळापत्रक अन् खर्च जोडलेला), आपल्या वन बीएचकेले काहून पाहिजे. पण आपल्याकडं तोडफोड झाली की मालकाचा कापसाचा पैसा जातो, अन् ती तोडफोड मॉडेलात आधीच दिसली तर टाळता येते.

सुरुवातीलाच महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका, फ्रीकॅड फुकट आहे. नुसत्या लाईनी मारायच्या नाहीत, भिंत भिंत म्हणूनच टाकायची, जाडी अन् मटेरियल भरून, तरच क्वांटिटी बरोबर निघते. स्ट्रक्चरवाल्याला फाईल आयएफसी या सामाईक फॉरमॅटमध्ये द्या, त्याचं सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी उघडते.

मग कॉलम-बीम, अन् त्याच मॉडेलात संडास-बाथरूमचे पाईप. पाईप टाकायचा सगळ्यांना कंटाळा येतो पण खरा फायदा तिथंच आहे, कारण वरून येणारा 4 इंची पाईप बीममध्ये घुसतोय हे स्क्रीनवर दिसलं तर माऊसनं सरकवता येतो, स्लॅब पडल्यावर दिसलं तर प्लंबर छन्नी घेऊन बीमच फोडतो अन् सळई उघडी पडते.

आता व्हॅल्यू इंजिनिअरिंग. हे 1947 च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या लॉरेन्स माइल्सनं मांडलं, अन् त्याचा अर्थ लोहा कमी टाका असा बिलकुल नाही. प्रत्येक वस्तूला विचारायचं, तुझं काम काय? समजा फ्रेम स्ट्रक्चर आहे (घराचं वजन कॉलम-बीमवर) अन् आतली 14 बाय 10 फुटांची भिंत 9 इंची धरलीय. तिचं काम फक्त आडोसा. साडेचार इंची केली की 105 घनफुटांचं बांधकाम साडेबावन्नवर येतं, म्हणजे अर्धा ब्रास वाचला, बीमवरचं वजन उतरलं, वर सव्वापाच चौरस फूट जागा मिळाली. लोड बेअरिंगच्या घरात, जिथं वजन भिंतीच उचलतात, मात्र हा उद्योग करू नका.

आणि काळ्या मातीत पायाला हात लावायचा नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिथं वाचवलेले पैसे भिंतीच्या तड्यात निघतात. काटायचंच असेल तर एलिव्हेशनचे, म्हणजे दर्शनी बाजूचे, शोचे बीम काटा.

रेट साईटवर पोचल्याचे लावा, भाड्यासकट. कोराडी, चंद्रपूरकडच्या वीज केंद्रांच्या राखेच्या विटा कागदावर स्वस्त दिसतात, पण तुमच्या गावापर्यंत ट्रकचं भाडं धरून भट्टीच्या विटेशी तुलना करा. कॉलमचं मार्किंग व्हायच्या आधी मालकाला, अन् घरातल्या बायांनाही, मोबाईलवर मॉडेल फिरवून दाखवा, देवघर-ओटा तेव्हाच सरकू द्या, मग सही घ्या.