बोअरच्या पाण्याने केस राठ होत असतील तर

पुण्यात वाघोली, उंड्री, पिसोळीकडच्या अनेक सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. कुरळे केस मुळातच कोरडे, त्यामुळे या पाण्याचा त्रास त्यांना जास्त. शाम्पू बदलण्याआधी पाणी तपासा. पारदर्शक बाटली पाण्याने अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवा. फेस कमी आणि पाणी दुधाळ दिसलं, तर पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर केसांवर बसतो, म्हणून कंडिशनर लावूनही केस मऊ लागत नाहीत.

अशा पाण्यात केसांना साबण नकोच. त्याचा चिकट साका केसांत अडकतो. सौम्य शाम्पू फक्त टाळूला चोळा, केसांची टोकं ओघळत्या फेसानेच स्वच्छ होतात. कंडिशनर मात्र कानाखालच्या केसांना सढळ हाताने लावा आणि तो धुण्याआधीच रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर गुंता सोडवत या. यात घाई केली की केस तुटलेच. शेवटचा तांब्या महापालिकेच्या नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा असू द्या. तेही नसेल, तर आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते केसांवर ओता, दोन मिनिटांनी धुऊन टाका. टाळूला जखम किंवा खाज असेल तर हे करू नका.

पुसायला जुना सुती पंचा घ्या. खसाखसा चोळू नका, नुसता दाबून पाणी टिपा.