चिमणीची पेटी रिकामीच राहते? या चुका टाळा

२० मार्चच्या चिमणी दिनाला हौसेने टांगलेली घरट्याची पेटी पुढच्या मार्चपर्यंत रिकामी दिसली, की आपण पेटीलाच दोष देतो. रंग भडक झाला, लाकूड चुकलं वगैरे. पण बहुधा चुकलेली असते जागा. चिमणी घराआधी शेजार बघते. नागपुरात प्लॉट घेताना आपणही ‘त्या लेआउटमध्ये कोण कोण राहतं’ हे आधी विचारतोच की!

एकुलती एक पेटी, तीही चिवचिवाट नसलेल्या ठिकाणी. चिमण्या थव्याने राहतात, घरटीही जवळजवळ करतात. सकाळी किराणा दुकानापाशी, गोठ्याजवळ, मेंदीच्या कुंपणात कुठे गलका चालतो ते ऐका आणि त्याच्या आसपास दोन-तीन पेट्या लावा.

घाईने पेटी काढणं. प्रत्येक जागा स्वतः पारखायची तर वेळ जातो, जिवालाही धोका. म्हणून कित्येक पक्षी दुसऱ्यांचं कसं चाललंय ते बघून ठरवतात. स्वीडनच्या गोटलँड बेटावर संशोधकांनी माशीमार पक्ष्यांची काही पिल्लं एका भागातल्या घरट्यांतून दुसऱ्या भागात हलवली. जिथे पिल्लं जास्त, तिथे पुढच्या वर्षी नवे पक्षी जास्त आले (हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला). पुढच्या विणीची अशी टेहळणी अनेक जाती हंगामाच्या शेवटी करतात. नेमकी तेव्हाच आपण पेटी उतरवून माळ्यावर टाकतो. शेजारच्या पेटीत पिल्लं असताना डोकावणं, फोटो काढणंही नको. तिथली वीण फसली तर जागेचं नाव खराब होतं.

मोबाइलवर चिवचिवाट वाजवणं. युक्ती खरी आहे, म्हणूनच जपून. अमेरिकेतल्या मेन राज्यात ईस्टर्न एग रॉक बेटावर पफिन हे समुद्रपक्षी परत वसवताना, इथे आपले भाऊबंद आहेत असं त्यांना वाटावं म्हणून १९७७ पासून लाकडी पफिन मांडले होते; १९८१ मध्ये तिथे पुन्हा घरटी झाली. पण अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्याच्या जंगलात विणीनंतर वाजवलेल्या गाण्यांना भुलून काही वार्बलर (छोटे गाणारे पक्षी) पुढच्या वर्षी त्यांच्या जातीला न मानवणाऱ्या जागीही उतरले. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना पश्चिमेच्या भिंतीवर तापणाऱ्या पेटीकडे चिमण्यांना बोलावणं म्हणजे शुद्ध फसवणूक. आधी पेटी उत्तर किंवा पूर्वेच्या सावलीत हलवा. बागेत कीटकनाशक मारणंही थांबवा, पिल्लं अळ्या-किड्यांवरच वाढतात.

शेजार, सावली, अळ्या सगळं असूनही पेटी रिकामीच असेल, तर भोक मोजा. साधारण ३२ मिलिमीटर पुरे. त्याहून बरंच मोठं असेल तर मैना शिरते.