न्यायाधीशपदाच्या अर्जाआधी हाताशी काय असावे

शहापूर किंवा मुरबाडसारख्या तालुक्याच्या गावी जो पहिला न्यायाधीश सामान्य माणसाला भेटतो, तो दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असतो. या पदासाठी तयारी करणाऱ्या ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरील कनिष्ठ वकिलांसाठी ही यादी आहे. ग्राम न्यायालय अधिनियम, 2008 नुसार ग्राम न्यायालयाच्या न्यायाधिकाऱ्यालाही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचीच पात्रता लागते. म्हणजे खेडे लहान असले तरी कायद्याच्या पदवीत सवलत नाही.

पहिली बाब अर्थातच विधी पदवी, तीन किंवा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका मूळ स्वरूपात जपाव्यात. गुणपत्रिकेवरील नाव आणि सनदेवरील (वकिलीच्या परवान्यावरील) नाव जुळते की नाही, हे आजच पाहावे. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींनी राजपत्राची प्रत सोबत ठेवावी.

खरी काळजी घ्यायची ती वकिलीच्या अनुभवाची. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या अनुभवाची अट काढून टाकली होती आणि त्यामुळे कोर्टाची पायरी न चढलेले विद्यार्थीही परीक्षेला बसू लागले. 20 मे 2025 च्या निकालाने ही अट पुन्हा आणली. त्या निकालानुसार तीन वर्षे वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे; आणि किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र, त्यावर तेथील प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे साक्षांकन, हा पुरावा लागतो. हे प्रमाणपत्र अर्जाच्या आदल्या आठवड्यात मागायला गेल्यास ज्येष्ठ वकीलही अडखळतात, कारण कनिष्ठाने नेमके काय काम केले हे त्यांना आठवत नाही. म्हणून आपले नाव असलेल्या वकीलपत्रांच्या छायाप्रती, हजेरी नोंदलेल्या रोजनाम्यांच्या (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदींच्या) प्रती आणि स्वतःची तारखांची डायरी पहिल्या महिन्यापासून एका फाइलमध्ये लावावी. माझ्या मते पदवीच्या टक्क्यांइतकेच मोल या फाइलला आहे. अर्ज भरताना मात्र चालू जाहिरातीतील अट आणि वयोमर्यादा शब्दशः वाचावी.

मराठीकडे दुर्लक्ष नको. मराठी बोलता, लिहिता, वाचता येणे आणि मराठी-इंग्रजी भाषांतर दोन्ही बाजूंनी सहज करता येणे ही पात्रतेचीच अट आहे. नवी मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलेल्या अनेकांचे घोडे येथे अडते. साक्षीदाराचे शेतावरच्या बांधाबद्दलचे बोलणे ऐकून त्याची साक्ष लगेच नोंदवता येते का, याचा सराव रोज एका जुन्या जबानीचे भाषांतर करून करावा.

पुस्तकांची छाननी थोडक्यात: 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत, तेव्हा जुन्या कलमक्रमांकांच्या टिपणांवर विसंबू नये, जुने खटले मात्र अजून जुन्याच कलमांखाली चालतात, त्यामुळे दोन्ही क्रमांक शेजारी लिहिलेला एक तक्ता करून ठेवावा. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीवर आठवड्यातून एकदा नजर टाकावी.