डीबीएस झाल्यावर साइड इफेक्टवर घरच्यांनी लक्ष कसं ठेवायचं

बाबांना एसेन्शियल ट्रेमर, म्हणजे हात कापण्याचा आजार, पार्किन्सन्स नाही. डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) म्हणजे मेंदूत बारीक तार आणि छातीत बॅटरीचं मशीन बसवून करंटने कंप आवरायचा. डीबीएस झाल्यावर कोथरूडच्या घरी त्यांनी पहिल्यांदा भरलेला कप एका हाताने उचलला आणि बशीत थेंब पडला नाही, आम्ही सगळे बघतच राहिलो. मग एकदा फोनवर आत्या म्हणाली, दादा झोपेतून उठलास का रे, आवाज असा का येतोय. बाबांची जीभ जड झाली होती आणि ते गप्प बसले होते, हात थांबलाय ना मग एवढं चालायचंच म्हणे. तर असं सहन करू देऊ नका.

कंपासाठी तार बहुतेक मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमसच्या व्हीआयएम नावाच्या छोट्या भागात असते, शेजारूनच बोलण्याच्या आणि स्पर्शाच्या वाटा जातात, करंट तिकडे पसरला की जीभ अडखळते, बोटांत किंवा ओठाशी मुंग्या येतात, चालताना तोल जातो. दोन्ही बाजूंना तार असेल तर बोलण्याचा आणि तोलाचा त्रास जास्त दिसतो. पण हा त्रास करंटचा असेल तर सेटिंग बदलून बहुतेक वेळा कमी होतो, म्हणून तर सांगायचं. मशीन चालू करताना दोन-चार सेकंद मुंग्या येणं चालतं, येतच राहिल्या तर फोन करा.

आम्ही एक वही केली. रोज एकाच वेळी, हात टेबलाला न टेकवता पेनने गोल गोल चकली काढायची, पेपरातली एकच बातमी मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायची, आणि पॅसेजमध्ये चालून वळताना पाय अडखळतो का ते बघायचं. शेजारी तारीख आणि सेटिंग लिहायचं. डॉक्टरांसमोर बाबा नेमके छान बोलतात हो, रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा डॉक्टरांनी करंट थोडा उतरवला. हात किंचित हलतो आता, पण बाबा कप पाऊणच भरून घेतात आणि आत्याशी तासभर बोलतात. हा सौदा पेशंटनेच ठरवायचा, आपण नाही.

ऑपरेशननंतर मशीन चालू व्हायच्या आधीच कंप कमी झाला तर तो तार घालताना बसलेल्या धक्क्याचा परिणाम असतो, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कंप परत येतो, घाबरू नका.

थांबायचं नाही असं काय, तर ऑपरेशननंतर जोरात डोकेदुखी, उलट्या, गुंगी, फिट, एका बाजूला अशक्तपणा, की सरळ इमर्जन्सी, कारण मेंदूत रक्तस्राव असू शकतो. छातीतल्या बॅटरीवर, कानामागे किंवा डोक्यावर लाली, पू, जखम उघडणं, त्याच दिवशी सर्जनना दाखवा, हळद-मलम घरी लावत बसू नका. कंप एकदम पहिल्यासारखा झाला तर रिमोटवर मशीन चालू आहे का बघा, बॅटरी संपली असेल किंवा तार सरकली, तुटली असेल. पार्किन्सन्सवाल्यांनी मूडवरही लक्ष ठेवा, उदासी किंवा अचानक उधळपट्टी दिसली तर सांगा, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेवा: शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे फिजिओथेरपीत मशीनने आतून देतात तो शेक कधीच नाही. बाबांची पाठ दुखत होती तेव्हा एका क्लिनिकमध्ये मशीन लावायलाच निघाले होते, मी मध्ये पडले. त्या मशीनची ऊर्जा तारेतून मेंदूपर्यंत जाऊन तिथे उष्णता होऊ शकते, जीवावर बेतू शकतं. एमआरआयच्या आधी डीबीएसच्या टीमला विचारायचंच, आणि डीबीएसचं कार्ड कायम पाकिटात, लोहगावला विमानतळावर तेच दाखवून हाताने तपासा म्हणायचं.