ब्रेन ट्यूमरच्या रुग्णाचं जगणं मोजताना

थीसिससाठी ‘शस्त्रक्रियेनंतरचं जीवनमान’ हा विषय घेतला की आजूबाजूचे म्हणतात, “सोपं आहे, फॉर्म तर भरून घ्यायचे!” असं म्हणणारा कधी रुग्णाशेजारी बसलेला नसतो, अशी माझी पक्की समजूत आहे.

रुग्ण रोजची कामं कितपत करू शकतो हे मोजणारी कार्नोफ्स्की स्केल तुम्हाला माहीत असेलच. 0 ते 100, दहा-दहाच्या टप्प्यांनी. पण तो आकडा डॉक्टर देतो. 90 गुणांचा रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत येतो आणि बायको हळूच सांगते की दुपारनंतर यांना साधी बेरीज जमत नाही. म्हणून रुग्णाने स्वतः उत्तरं द्यायच्या प्रश्नावल्या लागतात. ईओआरटीसी या युरोपातल्या कर्करोग-संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी30 ही प्रश्नावली सगळ्याच कर्करोगांसाठी आहे. तिच्या जोडीची 20 प्रश्नांची बीएन20 खास मेंदूच्या गाठींसाठी: दृष्टी, बोलणं, हातापायांची ताकद, फिट, पुढे काय होणार याची धास्ती. भाषांतर घरी करू नका, प्रमाणित प्रत मागवा. ती वापरायच्या परवानगीचं पत्र एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी हाताशी असू द्या.

बहुतेक प्रश्नांना 1 (अजिबात नाही) ते 4 (खूप) यांतल्या एका आकड्यावर गोल करायचा असतो. त्यावरून काढलेले गुण 0 ते 100 मध्येच येतात, पण सी30 च्या कार्यक्षमतेच्या भागात जास्त गुण म्हणजे चांगलं, आणि लक्षणांत जास्त म्हणजे वाईट. बीएन20 तर सगळी लक्षणांचीच. साधारण 10 गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा धरतात. पी-व्हॅल्यूच्या (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असं सुचवणाऱ्या आकड्याच्या) आनंदात हे विसरायला होतं.

खरी गोम पुढेच आहे. ज्या मेंदूवर ऑपरेशन झालंय, तोच मेंदू उत्तर देतोय. डाव्या बाजूला मागे गाठ असलेल्या एका रुग्णाने सगळीकडे 1 आणि 2 वरच गोल केले होते. कागदावर माणूस ठणठणीत! “4 वर बोट ठेवा” म्हटलं, तर बोट 2 च्या पुढे सरकेना. उजवीकडचं त्याला दिसतच नव्हतं आणि त्रासाचे मोठे आकडे नेमके उजवीकडे छापलेले. तेव्हापासून मी आधी चारही आकडे वाचून दाखवायला सांगते.

फ्रंटल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातल्या, गाठीत “मला काही त्रास नाही” असं ठामपणे ऐकायला मिळतं आणि मागे उभा मुलगा नकारार्थी मान हलवत असतो. अशा वेळी नातेवाइकाचा फॉर्म वेगळा घ्या आणि वेगळाच मोजा. रुग्ण फॉर्म भरत असताना मुलाला गोडीने बाहेर बसवा.

ऑपरेशनआधीचा फॉर्म डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं औषध) सुरू झाल्यावर भरलाय का, ते नोंदवा. सूज उतरली की माणूस दोन दिवसांत वेगळाच वाटतो. झोप मात्र उडालेली असते. घातक गाठींमध्ये ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्याच्या आकड्यांत रेडिएशनचा थकवा मिसळलेला असतो, तो सर्जनच्या खात्यावर टाकू नका.

फॉलो-अपला न येणारे बहुधा जास्त आजारी असतात. उरलेल्यांची सरासरी आपोआप चढते आणि आलेख छान दिसतो. म्हणून एक्सेलमध्ये ‘फॉर्म का नाही’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा: निधन, फिट, प्रवास झेपत नाही, कंटाळा. गाइडना तो फालतू वाटला तरी काढू नका.