लाकडी पेटीवरचा शिक्का
पुण्याहून मेलबर्नला सामान पाठवायचं होतं. आजीच्या पाटा-वरवंट्यासाठी ओळखीच्या सुताराकडून फळ्यांची पेटी करून घेतली. सामान न्हावा शेवा बंदराला निघायच्या चार दिवस आधी पॅकिंगवाले दादा म्हणाले, "ताई, ही चालणार नाही. शिक्का कुठंय?" अशा पेटीवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि 'एचटी' (हीट ट्रीटमेंट) अक्षरं लागतात. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवल्याची ती खूण. कीड परदेशात जाऊ नये म्हणून. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून प्लायवूडचीच पेटी घेतली.

ऑस्ट्रेलियात मातीही चालत नाही. बुटांचे तळवे घासले. पाट्यावर छिन्नीनं पाडलेल्या खाचांत अडकलेलं जुनं वाटण सुईनं काढता काढता अख्खी दुपार गेली. पण आजीचा पाटा मागं ठेवणं मला जमलंच नसतं.